मिरज जंक्शन आणि दोन अर्ध्या रात्री

सुरतच्या एका मसाला कंपनीत खरेदीचं काम बघणाऱ्या मराठी तरुणाचा प्रश्न आहे. मार्चमध्ये हळदीच्या सौद्यांसाठी तो पहिल्यांदाच सांगलीला येतोय. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून पहाटे मिरज जंक्शनला उतरणार, तीन दिवस मार्केट यार्डात काम, आणि तिसऱ्या दिवसानंतरच्या रात्री दोनच्या पुढे मिरजेहूनच परतीची गाडी. त्यानं विचारलंय : जंक्शनसमोरचंच एखादं बिझनेस हॉटेल तीन रात्रींसाठी घेऊन टाकू का? गाड्यांच्या आवाजानं झोप लागेल का? आणि कंपनीला जीएसटीचं बिल लागतं, त्याचं कसं?

मी हॉटेलच्या धंद्यात २७ वर्षं आहे. पहिली सहा मिरज स्टेशनसमोरच्या एका लॉजवर, आधी रूमबॉय आणि मग रात्रपाळीला काउंटरवर. त्यानंतर सगळी सांगलीत. त्यामुळं दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, कुणाची जाहिरात करायचं कारण नाही.

तुमच्या मुक्कामाचा हिशेब आधी नीट मांडा. तुम्ही तीन रात्री म्हणताय, पण त्या दोन पूर्ण रात्री आणि दोन अर्ध्या रात्री आहेत. पूर्ण रात्री सोप्या असतात, पैसे मोजा आणि झोपा. पैसे वाया जातात, भांडणं होतात, झोपेचं खोबरं होतं ते अर्ध्या रात्रींत. एक अर्धी रात्र पहाटे उतरल्यावरची, दुसरी गाडी पकडायच्या आधीची.

हॉटेल निवडताना बहुतेक जण येण्याच्या वेळेचा विचार करतात. गाडीतून उतरलो की समोर हॉटेल पाहिजे, असं. मी उलटं सांगतो, जाण्याची वेळ बघा. उतरताना काहीच अडत नाही. पहाटे गाडी आली की रिक्षावाले स्टेशनबाहेर हजर असतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक त्याच गाडीत असतं. जाताना मात्र तुम्ही एकटे असता. सांगलीच्या विश्रामबागेत मध्यरात्री दीड वाजता रस्त्यावर येऊन उभे राहिलात तर कुत्री सोबतीला येतील, रिक्षा येईलच असं नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की पहिल्या दोन पूर्ण रात्री सांगलीच्या बाजूला काढा आणि शेवटची अर्धी तेवढी मिरज जंक्शनसमोर. आणि येताना मिरजेपर्यंत जाऊच नका. पुण्याकडून येताना सांगली आधी लागते, मग विश्रामबागचं छोटं स्टेशन, मग मिरज. महालक्ष्मी सांगलीला थांबते. ॲपवर ‘जंक्शन’ शब्द दिसला की बाहेरचा माणूस डोळे झाकून तेच निवडतो, आणि मग आठ-दहा किलोमीटर उलट्या दिशेनं रिक्षाचे पैसे भरतो.

मिरजेत तीनही रात्री का नको, तर तुमचं काम तिथं नाही. दुसरं कारण जरा नाजूक आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून नुसता आपला जिल्हाच नाही, अख्खा उत्तर कर्नाटक उपचाराला इथं येतो. मी काउंटरला होतो तेव्हा रजिस्टरात ‘येण्याचे कारण’ या रकान्यात दहापैकी सहा-सात ओळींत ‘दवाखाना’ असायचं. कानडी मोडकंतोडकं तरी आल्याशिवाय त्या काउंटरवर निभाव लागत नसे. स्टेशनजवळची बरीच लॉजं अशा लोकांच्या सोयीनं वाढली आहेत : आठवड्याचा रेट, एका खोलीत चार गाद्या, थर्मासमध्ये गरम पाणी. रात्री दोन वाजता जिन्यावर डबे वाजतात, फोनवर कुणीतरी रडत असतं. पलीकडच्या खोलीत उद्याच्या ऑपरेशनची माणसं आहेत म्हटल्यावर ‘जरा गप्प बसा’ कुणाला म्हणायचं? त्या माणसांची तिथं गरज आहे, तुमची नाही. चार पैसे जास्त मोजून तुम्ही सांगलीत राहू शकता.

‘बिझनेस हॉटेल’ या शब्दावर फार जाऊ नका. बोर्डावर तो लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. मी चार गोष्टी बघतो : खोलीत जेवायचं नव्हे, लिहायचं टेबल आणि त्याला टेकून बसता येईल अशी खुर्ची आहे का; पलंगाशेजारी चालू प्लग आहे का; सकाळी साडेसातच्या आत नाश्ता मिळतो का; आणि काउंटरवरचा माणूस जीएसटी नंबर मागितल्यावर गोंधळतो का. शेवटची परीक्षा फोनवरच होते.

आता पहिली अर्धी रात्र. तुमची गाडी पहाटे पोचणार आणि खोलीचा चेक-इन दुपारी बाराचा. इथं पाहुणा चिडतो, की खोली रिकामी दिसतेय तरी देत का नाहीत. आतली गोष्ट सांगतो. पहाटे साडेपाचला हॉटेलात तीन प्रकारच्या खोल्या असतात : माणसं झोपलेल्या, रात्रीच सोडून गेलेल्या पण न झाडलेल्या, आणि खरोखर तयार. मधल्या खोल्या बाहेरून रिकाम्या दिसतात, पण चादर बदलणारी माणसं सात-आठच्या आधी येत नाहीत. तयार खोली सीझनमध्ये एखादीच असते, आणि ती आधी फोन केलेल्या माणसाला जाते. काही ठिकाणी चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे पहाटे सहाला आलात तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत. ऐकायला छान वाटतं, पण मग तिसऱ्या दिवशी सकाळी सहालाच बॅग उचलावी लागते किंवा आणखी एक दिवस चढतो. तुमच्यासारख्याला बाराचा हिशेब परवडतो. फोन करून विचारा, ‘पहाटे सहाला येतोय, अर्लीचे किती घेणार?’ अर्ध्या दिवसाचं भाडं मागितलं तर ते रास्त आहे. सीझनबाहेर आणि गोड बोललात तर फुकटही मिळतं.

पहाटे हमखास पलंग हवाच असेल तर आदल्या रात्रीपासून खोली बुक करावी लागते. तारखेचा घोळ इथंच होतो. हॉटेलचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. रात्री एक-दोनच्या सुमारास आम्ही दिवसाचा हिशेब बंद करतो, पण खोलीची तारीख आदल्याच दिवसाची धरतो. बारा तारखेला पहाटे येणाऱ्यानं बारा तारीख टाकली, की त्याची खोली बाराच्या दुपारपासून. अकरा टाकली की त्याची खोली रात्रभर वाट बघते. पण अकरा टाकलीत तर फोन करून सांगायला विसरू नका, नाहीतर काय होतं ते मी स्वतः करून बसलोय. रात्री दीडपर्यंत पाहुणा आला नाही, फोन लागेना, म्हणून मी ‘नो-शो’ मारला आणि खोली दारात आलेल्या जोडप्याला दिली. पहाटे चारला तो माणूस म्हाताऱ्या आईला घेऊन उभा. त्यांची गाडीच साडेतीन तास लेट होती. त्या माउलीला मी काउंटरमागच्या माझ्या पलंगावर झोपवलं आणि सकाळी मालकाच्या शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून उशिरा येणाऱ्याच्या नावापुढं मी गाडीचा नंबर लिहून ठेवतो. तुम्हीही बुक करताना गाडीचा नंबर सांगा. रात्रपाळीचा पोरगा मोबाइलवर गाडी कुठं आली ते बघतो आणि खोली विकत नाही.

आवाजाचं तुम्ही विचारलंत. गाड्यांच्या आवाजाची माणसाला सवय होते, तो येतो आणि जातो. झोप मोडते ती अनाउन्समेंटच्या त्या टणटण घंटेनं आणि हॉर्ननं. लाइनचं विद्युतीकरण झाल्यापासून डिझेल इंजिनाची धडधड बरीच कमी झाली, हॉर्न मात्र तेच आहेत. स्टँडजवळ राहिलात तर पहाटे साडेचारपासून रिव्हर्स घेणाऱ्या एसट्या आणि कंडक्टरच्या शिट्ट्या. तरी माझ्या अनुभवात तक्रारी बाहेरच्या आवाजाच्या कमी आणि आतल्या आवाजाच्या जास्त. लिफ्टशेजारची खोली, पँट्रीशेजारची खोली, खाली लग्नाचा हॉल असलेलं हॉटेल. या तिन्हींबद्दल बुकिंगच्या फोनवरच विचारा. मार्च-एप्रिल-मे लग्नसराई, बँजो आणि डीजेची पार्टी रात्री दहाला बंद झाली तरी भांडी आवरायला बारा वाजतात. मागच्या बाजूची, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावरची खोली मागा. सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली मार्चमध्येच तापते, स्लॅब रात्री अकरापर्यंत गरम राहतो.

खोलीत गेल्यावर बॅग उघडायच्या आधी गरम पाण्याचा नळ सोडून बघा. बऱ्याच ठिकाणी सोलर आहे, पाणी सकाळी ठरावीक वेळेतच येतं आणि दहा-दहा मिनिटं गार पाणी सोडावं लागतं. लाइट गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा, तेही विचारून घ्या. बाकी टीव्ही, साबण, चप्पल यावर मी वेळ घालवणार नाही.

आता हळदीचं. हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही. हळदीचे व्यापारी नमुन्याच्या पिशव्या खोलीत आणतात, पलंगावर ओततात, कांडी मोडून बघतात, बोटांना लावून रंग तपासतात. धंदाच तो आहे, आम्हाला राग नाही. पण पांढऱ्या चादरीवर हळद पडली आणि धोबीघाटात साबणाचं पाणी लागलं की पिवळ्याचा लाल होतो. सोडा नि साबण हळदीला लालच करतात. नवीन पोरगा घाबरून आणखी साबण घासतो आणि डाग आणखी लाल होतो. आमच्याकडची जुनी बाई चादर नुसत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाकते. उन्हानं हळदीचा रंग उडतो, दोन दिवसांत चादर कामाला येते. पण ऊन बघायला वेळ नसेल तर हॉटेल चादरीचे पैसे बिलात लावतं, आणि ते तुमच्या कंपनीच्या अकाउंट्सवाल्याला समजावणं अवघड. म्हणून आल्या आल्या सांगा, ‘हळदीच्या कामाला आलोय, एक जुनी चादर आणि दोन जुने टॉवेल द्या.’ सांगलीतल्या कुठल्याही जुन्या हॉटेलात हे वाक्य ऐकून कुणी वर बघणारसुद्धा नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या चादरींना तिची ओळख त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. वेळ मिळाला तर हरिपूरला जाऊन या, तिथं जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवायची पद्धत होती. खरेदीच्या माणसानं ते बघावंच.

बिलाचा मुद्दा नीट वाचा, कारण इथं कंपन्याही चुकतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, आधी तो १२ होता. त्याच्या वरच्या खोलीला १८ टक्के. तुम्हाला लागेल ती खोली साडेसात हजारांच्या बरीच आत असणार. आता तुमची कंपनी सुरतची. खोलीचा कर खोली जिथं आहे त्या राज्याचा लागतो, पाहुणा कुठला आहे याला किंमत नाही. म्हणजे बिलावर महाराष्ट्राचा अडीच आणि केंद्राचा अडीच असे दोन भाग येणार. कंपनीची नोंदणी फक्त गुजरातची असेल तर त्या कराचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून तेवढी वजावट, तिला घेता येत नाही. दर महिन्याला कुणीतरी काउंटरवर भांडतं, ‘आयजीएसटी लावून द्या, आमच्या सीएनं सांगितलंय.’ आयजीएसटी हा दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, तो आम्ही इथं लावू शकत नाही, लावला तर चुकीचा ठरेल. तरीही कंपनीचं नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर बिलावर घ्याच. खर्च कंपनीचा आहे हे दाखवायला तो कागद लागतो. हे तपशील चेक-इनच्या वेळीच लिहून द्या. बिल निघाल्यावर नाव बदला म्हणालात तर आम्हाला क्रेडिट नोट काढून नवं बिल करावं लागतं, आणि सकाळी सातला सहा माणसं चेक-आउटला उभी असताना कुणी ते आनंदानं करत नाही.

ॲपवरून बुक करून पैसे तिथंच भरले असतील तर बिल कोण देणार हे आधी विचारा. हॉटेल म्हणतं ॲपकडून घ्या, ॲप म्हणतं हॉटेलकडून, आणि तुम्ही दोघांच्या मधे. कंपनीचा खर्च असेल तर सरळ हॉटेलला फोन करून बुक करावं. ॲपचं कमिशन वाचल्यानं भाव तेवढाच पडतो, कधी कमीही. आणि एक, स्टेशनसमोरच्या एखाद्या छोट्या लॉजकडं जीएसटी नंबरच नसेल तर त्यानं काही लबाडी केली असं समजू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी सक्तीची नाही. तो साधी पावती देईल. तुमच्या कंपनीला ती चालते का, हे निघण्याआधी विचारून ठेवा, कारण शेवटची अर्धी रात्र तुम्ही अशाच ठिकाणी काढाल अशी शक्यता आहे.

ओळखपत्र : आधारची झाकलेल्या आकड्यांची प्रत चालते, सगळे आकडे देऊ नका. पॅन कार्ड आम्ही घेत नाही, त्यावर पत्ता नसतो. एवढंच.

सीझनचं थोडं. नवी हळद साधारण फेब्रुवारीपासून यार्डात येऊ लागते आणि मग उन्हाळाभर आवक राहते. बेदाण्याचे सौदे असतात ते वेगळे. मार्चमध्ये दोन्ही बाजारांची माणसं, वर लग्नाची वऱ्हाडं, त्यामुळं निदान आठ-दहा दिवस आधी फोन करा. बाजारात रोज सौदे असतीलच असं धरू नका, सुट्टीचे दिवस आपल्या अडत्याला विचारूनच तिकीट काढा. कधीकधी गर्दीचं कारण कल्पनेतही नसतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे सुटली, तेव्हा कॅमेरेवाल्यांनी आणि अधिकाऱ्यांनी खोल्या भरल्या होत्या. माझे नेहमीचे दोन औषध कंपन्यांचे पाहुणे तेव्हा हॉलमध्ये गादी टाकून झोपले.

पुढच्या खेपेला जुलै-ऑगस्टमध्ये यायची वेळ आली तर मात्र भाव, आवाज, टेबल-खुर्ची सगळं विसरा आणि आधी कृष्णेची पातळी विचारा. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं आणि जुनं गाव, स्टँडचा परिसर पाण्यात गेला. त्या दिवसांत विश्रामबागच्या बाजूचं हॉटेल घ्यावं, ती बाजू त्या मानानं उंच आहे. आणि जनरेटर तळघरात आहे का, तेही विचारावं. तळघरात पाणी शिरलं की जनरेटर आधी बंद पडतो, आणि मग लिफ्ट, पंप, वरच्या टाकीचं पाणी, सगळंच.

राहिली शेवटची अर्धी रात्र. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला सांगलीतली खोली सोडा, बॅग काउंटरवर ठेवा. टोकन घ्या, कुठलंही बरं हॉटेल बॅग फुकट सांभाळतं. काम संपवून संध्याकाळी सातच्या सुमारास बॅग उचला, भडंग घ्यायचं असेल तर तेव्हाच घ्या आणि उजेड-वर्दळ असताना मिरजेला जा. तिथं जंक्शनसमोर सहा तासांची खोली मागा. बोर्डावर तसा रेट नसतो, तोंडी ठरतो, पूर्ण भाड्याच्या निम्म्यापासून दोनतृतीयांशापर्यंत. शनिवारी किंवा लग्नाच्या दाट तिथीला देत नाहीत, तेव्हा पूर्ण भाडं देऊन मोकळे व्हा. स्टेशनातल्या रिटायरिंग रूमचाही पर्याय असतो, ती आयआरसीटीसीवर पीएनआर टाकून आधी बुक करावी लागते.

खोली कोणती, याची इथं फिकीर नको. इथं चांगल्या खोलीपेक्षा जागा राहणारा रात्रपाळीवाला महत्त्वाचा. साडेआठला चेक-इन करताना पूर्ण पैसे भरा, पावती खिशात ठेवा, म्हणजे दीड वाजता झोपाळलेल्या पोराशी हिशेब नको. मग त्याला गाडीचा नंबर सांगा आणि त्याच्यादेखत त्याच्या वहीत लिहून घ्या. फोनचा गजर लावा, पण फोन चार्जिंगला पलंगापासून लांब ठेवा, हाताशी असला की झोपेत बंद होतो. आणि शटर. स्टेशनसमोरच्या निम्म्या लॉजचं शटर रात्री बाराला आतून बंद होतं आणि किल्ली ज्याच्याकडं असते तो वरच्या मजल्यावर झोपलेला असतो. किल्ली आज रात्री कुणाकडं आहे आणि तो कुठं झोपतो, एवढं झोपायच्या आधी विचारून ठेवा.